गोफण आणि कॅमेरा

गेल्या नोव्हेंबर महिन्यात आमच्या शाळेत पक्षिसप्ताह साजरा झाला. अरण्यलेखक मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सालिम अली यांचा १२ नोव्हेंबर. या दोन दिवसांमधील आठवडा पक्षिसप्ताह म्हणून पाळावा, असे महाराष्ट्र शासनाने २०२० साली ठरविले. त्या निमित्ताने आमच्या विज्ञानाच्या सरांनी जाहीर केले, की फेब्रुवारीतील वार्षिक प्रदर्शनात विद्यार्थ्यांनी स्वतः घेतलेली पक्ष्यांची छायाचित्रे मांडली जातील. ही सूचना ऐकताच माझ्या मनात मोठी खळबळ उडाली. माझ्या मामांनी आपला जुना कॅमेरा व दूरचे जवळ आणून दाखविणारी ३०० मिलिमीटरची लेन्स दिवाळीतच माझ्या स्वाधीन केली होती, आणि असे साधन वर्गात दुसऱ्या कोणाजवळ नव्हते. पहिले बक्षीस आपलेच, असे मी मनाशी ठरवूनही टाकले. वाचकहो, पुढील हकीकत त्या बढाईचे काय झाले याची आहे. ती सांगताना मला थोडी लाज वाटते. तथापि सांगितल्यावाचून राहवत नाही.

नाताळची सुटी लागताच मी सोलापूरकडे जाणाऱ्या गाडीने निघालो आणि जेऊर स्थानकावर उतरून आमच्या गावी गेलो. आमचे गाव करमाळा तालुक्यात, भीमेच्या काठी आहे; काठी म्हणजे उजनी धरणाच्या फुगवट्याच्या काठी. पावसाचा भरवसा नसलेल्या या मुलखात मैलोगणती पसरलेले ते पाणी पाहून नवख्या मनुष्यास समुद्राचा भास होतो. मी मात्र जन्मल्यापासून ते पाहत आलो असल्यामुळे ते तेथे सदाचेच आहे, अशी माझी समजूत होती. माझे आजोबा, ज्यांस आम्ही सारे आबा म्हणतो, त्यांस मी त्या पाण्याविषयी कधी काही विचारले नव्हते.

आबांनी पंचाहत्तरी ओलांडली आहे; परंतु पहाटेस उठून शिवारात एक फेरी मारल्यावाचून त्यांस चहा गोड लागत नाही. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर निघालो. थंडी चांगलीच पडली होती. आबांच्या अंगावर घोंगडी होती आणि माझ्या अंगावर शहरातून आणलेले तांबडे लोकरी जाकीट. वाटेच्या दोन्ही बाजूंस मालदांडी ज्वारी पुरुषभर उंच उभी होती. तिच्या पानांवरील दव आमच्या बाह्यांना लागत होते, आणि कोणाच्या तरी शेतातून हुरड्याच्या आगटीचा धूर जमिनीलगत रेंगाळत होता.

मी पुस्तक वाचून काही नावे पाठ केली होती. आबांस पुस्तक ठाऊक नव्हते. पण पाखरे ठाऊक होती. बांधावर शेपटी खालीवर करीत लगबगीने चालणारा पांढराकाळा पक्षी पाहून मी म्हणालो, ‘‘आबा, हा धोबी.’’ आबा म्हणाले, ‘‘व्हय, परीट. थंडी पडली की येतो, ऊन तापलं की जातो.’’ उत्तरेकडील प्रदेशातून येणाऱ्या या चिमुकल्या पाहुण्याचे सगळे वेळापत्रक त्यांनी असे एका वाक्यात सांगितले. पुढे माळावर एक तपकिरी शिकारी पक्षी पंख किंचित वर उचलून, गवताच्या शेंड्यांना जणू चाटून जात असल्याप्रमाणे, संथपणे घिरट्या घालीत होता. तो भोवत्या. जमिनीवरील उंदीर, टोळ व लहान पाखरे ही त्याची शिकार, आणि रात्रीचा मुक्कामही गवतातच. ‘‘माळ नांगरला की हे पाखरू दिसंनासं हुतं,’’ आबा म्हणाले. चंडोल, कोतवाल, तारेवर बसलेला निळा चास, असे एकेक पाहत आम्ही चाललो होतो. मी दिसेल त्यावर कॅमेरा रोखीत होतो. आबा दिसेल तेथे थांबत होते.

इतक्यात आकाशात काळा ढग फिरावा तसा एक प्रचंड थवा आमच्या डोक्यावरून गेला, एकदम वळला आणि ज्वारीच्या एका तुकड्यावर उतरला. त्या भोरड्या होत्या. गुलाबी अंगाचा, काळ्या डोक्याचा व काळ्या पंखांचा हा मैनेचा भाऊबंद पूर्व युरोपापासून मध्य आशियापर्यंतच्या गवताळ प्रदेशांत वीण घालतो आणि हिवाळा काढावयास आपल्या देशात उतरतो. तो टोळ व किडे पुष्कळ खातो, म्हणून शेतकऱ्याचा मित्र. आणि कणसे भरू लागली की दाण्यावरही येतो, म्हणून शत्रू. थवा उतरताच त्या तुकड्याच्या मध्यभागी उभारलेल्या माळ्यावरून एका मुलाने ‘‘हुर्र्! हुर्र्!’’ अशी आरोळी ठोकली व गोफण फिरविली. गोफणीचा फटकारा कडाडला, गुंडा सुटला आणि सारा थवा एका अंगाने वर उसळला.

आबांचे डोळे चमकले. ‘‘तुझ्याएवढा असताना मी दिवस उगवायच्या आत माळ्यावर असायचो,’’ ते म्हणाले. ‘‘अंबाडीची गोफण, टोपलीभर गुंडे. मावळंस्तवर घसा बसायचा. पाखराचं बी पोट, आमचं बी पोट.’’

मी मात्र त्यांच्या बोलण्याकडे नीट लक्ष दिले नाही. उसळलेल्या थव्याचे चित्र आपल्याला साधले नाही, एवढेच मला लागून राहिले होते.

पाण्याच्या काठी पोहोचलो तेव्हा सूर्य नुकताच वर आला होता. पाण्यावरचे धुके विरळ होत होते, आणि समोर, सुमारे दीडशे पावलांवर, ओल्या काठावर राखी रंगाचे हंस बसलेले होते. मी मोजले, ते एकेचाळीस होते. पांढऱ्या डोक्यावर मागील बाजूस दोन काळ्या पट्ट्या पाहताच मी ओळखले, की हेच ते पट्टकादंब. तिबेट, मंगोलिया इत्यादी प्रदेशांतील उंच सरोवरांकाठी हे वीण घालतात व हिवाळ्याच्या तोंडी हिमालय ओलांडून भारतात येतात. शास्त्रज्ञांनी या हंसांवर यंत्रे बसवून त्यांच्या प्रवासाचा माग घेतला, तेव्हा ते सात हजार मीटरांहूनही अधिक उंचीवरून उडत गेल्याचे आढळले. जेथील विरळ हवेत गिर्यारोहकास चार पावले टाकणे जड जाते, तेथे हे पक्षी पंख हालवीत असतात. असे हे प्रवासी आमच्याच गावच्या काठावर चोच पाठीत खुपसून झोपले होते.

आता मला कबूल केले पाहिजे, की त्या क्षणी माझ्या मनात आदर नव्हता. माझ्या मनात प्रदर्शन होते. झोपलेल्या पक्ष्यांचे चित्र कोण पाहणार? एकेचाळीस हंस एकदम उडत आहेत, पंखांवर कोवळे ऊन पडले आहे, असे चित्र मिळाले तर बक्षिसाविषयी शंकाच नको. मी वाकून पुढे सरकलो. एका हंसाने मान वर केली, मग दुसऱ्याने. मी आणखी पुढे गेलो. काही हंस उभे राहिले, तरीही उडेनात. तेव्हा मी एक ढेकूळ उचलले आणि त्यांच्या रोखाने भिरकावले.

सारा काठ एकदम उठला. हंसांचा तो कर्कश कोलाहल, पंखांचा आवाज आणि माझ्या कॅमेऱ्याचा कडकडाट यांत दहा-पंधरा क्षण गेले. थवा पाण्यावरून वळला, उंच झाला आणि पैलतीराकडे निघून गेला. त्यांच्या ओरडण्याने घाबरून जवळची थापट्या बदकेही उडाली. काठ रिकामा झाला. ओल्या मातीवर पावलांचे ठसे व चार पिसे एवढेच मागे उरले.

मी वळून पाहिले. आबा बांधावर उभे होते. त्यांस रागावलेले मी फारसे पाहिलेले नाही. तेव्हाही त्यांचा आवाज चढला नाही. ते म्हणाले, ‘‘आरं, रातभर चरून आत्ता कुठं टेकली हुती ती. पाखरू उठवायचंच असंल तर गोफण बरी. त्याला कॅमेरा कशाला पायजे?’’

मी काही उत्तर दिले नाही. थोड्या वेळाने तेच पुन्हा म्हणाले, ‘‘आम्ही गोफण मारली ती भाकरीसाठी. तुझं काय आडलं हुतं?’’

घरी येऊन चित्रे पाहिली. सूर्योदयाच्या मंद प्रकाशासाठी मी शटर एक साठांश सेकंदावर ठेवले होते आणि घाईत ते बदलावयाचे विसरलो होतो. उडत्या पक्ष्यास निदान एक हजारांश सेकंद हवा. माझ्या पदरात राखी रंगाचे फराटे तेवढे पडले होते. सुटीतील उरलेल्या दिवसांत मी रोज पहाटे काठावर गेलो, पण त्या जागी हंस पुन्हा बसले नाहीत. माझ्यामुळेच ते आले नाहीत की त्यांस दुसरी जागा अधिक मानवली, हे मला सांगता येत नाही. रिकामा काठ पाहिला की मात्र आबांचा प्रश्न आठवे.

शाळा सुरू झाल्यावर मी हा प्रकार सरांस सांगितला. सरांनी बोल लावला नाही. त्यांनी मला ग्रंथालयात नेले व काही गोष्टी सांगितल्या. आपल्या मुलखातील पक्ष्यांची एक जुनी यादी १८७६ साली प्रसिद्ध झाली. ती अमेरिकन मराठी मिशनचे रेव्हरंड सॅम्युअल फेअरबँक यांनी सह्याद्रीच्या रांगेत व अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, याच्या परिसरात पक्षी गोळा करून तयार केली होती. त्या काळी पक्षी नक्की ओळखावयाचा म्हणजे तो बंदुकीने पाडून हाती घ्यावयाचा, हीच शास्त्राची रीत होती. खुद्द सालिम अलींचा आरंभही असाच झाला. लहानपणी त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग पाहून ते चकित झाले व ती ओळखून घेण्यासाठी मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. तेथील मिलर्ड साहेबांनी त्यांस कपाटे उघडून पक्ष्यांचा संग्रह दाखविला, आणि एका मेलेल्या चिमणीपासून एका थोर पक्षिशास्त्रज्ञाचे आयुष्य सुरू झाले. पुढे दुर्बीण व कॅमेरा आले, तेव्हा पक्षी न मारता त्याच्याजवळ जाण्याची वाट मनुष्यास सापडली. संयुक्त प्रांतातील वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी तर रानवाटेवर तार लावून ठेवली, की तिला पाय लागताच वाघानेच आपले छायाचित्र घ्यावे. त्यांचे वाघांच्या मुलखातील छायाचित्रणावरील पुस्तक १९२७ साली निघाले.

‘‘चॅम्पियन यांच्यापाशी वाट पाहण्याची ताकद होती,’’ सर म्हणाले. ‘‘तुझ्यापाशी त्यांच्याहून फार चांगले यंत्र आहे.’’ एवढेच बोलून ते तासाला गेले. उरलेले वाक्य माझे मीच पुरे केले.

जानेवारीच्या अखेरीस, प्रजासत्ताक दिनाला लागून दोन दिवसांची सुटी मिळाली. मी पुन्हा गावी गेलो. या वेळी तांबडे जाकीट घरी ठेवून आबांचीच एक जुनी घोंगडी मागून घेतली. ज्वारी आता पिवळी पडत चालली होती. धरणातील पाणी महिनाभरात ओसरले होते, आणि डिसेंबरात जेथे पाणीच पाणी होते, तेथे चिखलाचे व उथळ पाण्याचे लांबच लांब पट्टे उघडे पडले होते. त्या उथळ पाण्यात गुलाबी-पांढऱ्या रंगाची एक रांग उभी होती. ते रोहित पक्षी होते.

आम्ही एका बाभळीच्या आडोशास बसलो. ऊन आमच्या पाठीमागून येत होते. मी कॅमेरा मांडीवर ठेवला आणि या खेपेस आधी नुसते पाहिले. रोहित पक्षी उंच पायांवर सावकाश चालतात, पायांनी चिखल ढवळतात आणि मान खाली घालून डोके पुरते उलटे करतात. त्यांची मध्येच वाकलेली चोच अशी उलटी धरली म्हणजेच उपयोगी पडते. जिभेच्या हालचालीने पाणी आत-बाहेर जाते आणि चोचीच्या कडांवरील कंगव्यासारख्या दात्यांत सूक्ष्म जीव अडकून राहतात. त्यांच्या पिसांना जो गुलाबी रंग येतो, तो या अन्नातूनच. कच्छच्या रणात त्यांच्या विणीच्या जागा आहेत. दर थोड्या वेळाने एखादा पक्षी मान वर करून आमच्या दिशेस पाही. त्याने तसे केले की आम्ही श्वाससुद्धा जपून घेत असू. तो पुन्हा खाऊ लागला की आमच्याही जिवात जीव येई.

सुमारे तासभर आम्ही काही बोललो नाही. मग आबांनी हलकेच बोट दाखविले. ‘‘त्या पाखरांच्या पलीकडं दगडी काठ दिसतो का? हिरीचा?’’

रोहितांच्या रांगेमागे पाण्यातून घडीव दगडांचे एक अर्धवर्तुळ वर आले होते. आजवर मी ते कधी पाहिले नव्हते.

‘‘ती आपली हीर,’’ आबा म्हणाले. ‘‘माझ्या बापानं खणली. पाखरं उभी हायती ते आपलं रान.’’

मग ते तुटक तुटक सांगत गेले. उजनीचे धरण १९८० साली पुरे झाले. त्यापूर्वीच जुने गाव उठले. घरांची लाकडे, कौले, देव्हाऱ्यातील देव, सारे बैलगाड्यांवर घालून लोक वर माळावर आले. पाणी पहिल्यांदा रानात शिरले त्या दिवशी आबांचे वडील बांधावर बसून राहिले होते. विहिरीचा काठ बुडेपर्यंत ते उठले नाहीत. धरणाने पुष्कळ गावांस पाणी दिले, आमच्या नव्या रानासही दिले, हेही आबांनी सांगितले. त्यांच्या बोलण्यात गाऱ्हाणे नव्हते. ज्या रानात माळा होता, ज्या रानात त्यांनी भोरड्यांवर गोफण फिरविली, ते रान पाण्याखाली गेले, आणि त्या उथळ पाण्यात खावयास मिळते म्हणून आता दूरदूरची पाखरे येतात, इतकेच ते सांगत होते.

मी विचारले, ‘‘आबा, तुम्हांला या पाखरांचा राग येत नाही?’’

ते थोडेसे हसले. ‘‘तवा ह्या रानात दाणा टिपू देत नव्हतो. आता राखायचं काय राह्यलंय? बसू देत. कुणीतरी खातंय ना आपल्या रानात.’’

माझ्या घशाशी काही तरी दाटून आले. डिसेंबरातील ते ढेकूळ मला आठवले. ते मी कोणाच्या रानात फेकले होते, हे मला आता कळत होते. ज्या मनुष्याने पाखरे हाकलण्यात बाळपण घालविले, तो त्यांस बसू देण्यासाठी श्वास रोखून बाभळीआड बसला होता. आणि ज्याचे काहीच बुडाले नव्हते, त्याने ती गमतीखातर उठविली होती.

मी तेथूनच चित्र घेतले. पुढे सरकलो नाही. चित्रात रोहित पक्षी लहान दिसतात. त्यांच्या माना पाण्यात आहेत, आणि मागे विहिरीचा तुटका काठ आहे. आम्ही उठलो तेव्हा मागच्या मागे, वाकून, बाभळीच्या आडाने निघालो. बांधावर आल्यावर वळून पाहिले. सारी रांग जागच्या जागी चरत होती. त्या सकाळी मला जेवढा आनंद झाला, तेवढा कोणत्याही चित्राने झाला नसता.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी पुष्कळांच्या हाती आज कॅमेरा आहे. नसला तरी वडिलांच्या दूरध्वनीत तो असतोच. हिवाळ्याच्या सुटीत तुम्ही गावी जाल तेव्हा पहाटे अवश्य फिरावयास जा. भडक कपडे घालू नका. सूर्य पाठीशी घ्या. पक्षी खाणे थांबवून मान वर करील तेथे थांबा. तो अस्वस्थ होऊन चालू लागला तर दोन पावले मागे या. त्यास उडविण्यासाठी टाळ्या, आरोळ्या, ढेकळे यांचा उपयोग करू नका. हजारो मैलांच्या परतीच्या प्रवासाचे बळ तो येथे दाण्या-दाण्याने साठवीत असतो, आणि प्रत्येक नाहक उड्डाणात त्यातील थोडे खर्ची पडते. आणि जमल्यास बरोबर घरातील एखाद्या वडीलधाऱ्या माणसास न्या. पुस्तकात नसलेले पुष्कळ काही त्यांच्या ध्यानात असते; आपण विचारले नाही म्हणून त्यांनी ते सांगितलेले नसते.

प्रदर्शनात माझ्या चित्रास बक्षीस मिळाले नाही. एका परीक्षकांनी विचारले, ‘‘पक्षी इतके लहान का?’’ मी म्हणालो, ‘‘मी लांब बसलो होतो.’’ सर मागे उभे होते. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

प्रदर्शन संपल्यावर मी ते चित्र चौकटीत बसवून आबांस नेऊन दिले. त्यांनी चष्मा लावला, चित्र खिडकीपाशी नेले आणि बराच वेळ पाहिले. मला वाटले, ते पक्षी मोजीत असतील. त्यांचे बोट मात्र विहिरीच्या काठावर होते.